घोडीचं वय विचारू नये

माणसाच्या निवृत्तीची काळजी सरकार घेतं. अठ्ठावन्नावं वर्ष, महिन्याचा शेवटचा दिवस, शाल, श्रीफळ आणि 'त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी' हे सगळं आधीच ठरलेलं असतं. ज्याच्या असण्यानं तीस वर्षांत खात्यात काही भरल्याचं कुणाला दिसलं नाही, त्याच्या जाण्यानंही पोकळी निर्माण होते, ही सरकारी नोकरीची किमया. पण बक्षिसं मिळवणाऱ्या घोडीनं कधी थांबायचं, हे कोणत्या परिपत्रकात लिहिलंय? तिला पेन्शन नाही, शाल नाही, आणि पोकळी निर्माण झालीच तर ती पोटात.

हा प्रश्न माझ्यासारख्या नांदेडच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, फारतर स्कूटरच्या निवृत्तीचा विचार करणाऱ्या माणसाला पडायचं कारण नव्हतं. पण मला मामा आहेत, मामांना मैना होती, आणि मैनेला माळेगावची यात्रा होती.

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की लोह्याच्या पुढं माळेगाव लागतं. एरवी एसटीतल्या माणसाची झोपही मोडू नये एवढंच ते गाव. पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तिथं खंडोबाची यात्रा भरते, आणि मग रस्ता, रान, आभाळ सगळं भंडाऱ्यानं पिवळं होतं. देवस्वारी निघते, 'यळकोट यळकोट जय मल्हार'चा गजर होतो, कुस्त्यांचे फड पडतात, लावणीचे तंबू लागतात. आणि बाजार तर असा, की गाढवापासून उंटापर्यंत चार पायांचं काय हवं ते मिळावं. देवच घोड्यावर बसणारा, त्यामुळे घोड्यांचा मान मोठा. जिल्हा परिषदेचं पशुप्रदर्शन भरतं. त्यात तांबडेलाल कंधारी बैल असतात, काळे-पांढरे देवणी वळू असतात, घोडे असतात, आणि कुत्र्या-कोंबड्यांचाही योग्य तो सन्मान होतो.

याच यात्रेतून मामांनी 2011 साली मैना आणली. तेव्हा ती चार वर्षांची होती. रंगानं कुमैत, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. गळ्याखाली देवमण, अंगावर कुठं गोम नाही. मामांनी मामीच्या पाटल्या मोडून ती घेतली, असं मामी म्हणते. मामा म्हणतात, पाटल्या जुन्याच झाल्या होत्या.

पुढच्या वर्षापासून मैना प्रदर्शनात उतरली. पहिली सहा बक्षिसं आणि दुसरी दोन. दुसऱ्या बक्षिसाचे दोन फेटे मामांनी कधी डोक्याला लावले नाहीत. ते घरात मिरच्या झाकायला आहेत. प्रदर्शन झालं की बाहेरच्या रानात खरी मजा. हलगी सुरू झाली की मैना आधी कान टवकारायची, मग मान कमानीसारखी वळवायची, आणि एकेक पाय असा टाकायची की जमीन गरम असावी. शेवटी मधे एक लाकडी बाज टाकायची. मैना तिच्यावर चढायची आणि चार हात बाय अडीच हातांच्या जागेत चारही पायांनी थयथय नाचायची. बाज करकरायची, लोक ओरडायचे, आणि मामा लगाम हातात धरून असे उभे राहायचे की जणू तेच नाचताहेत.

मामांना पंचक्रोशीत त्यांच्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. 'मैनावाले मामा' एवढंच. लोह्याच्या स्टँडवर उतरले की चहा पुढं यायचा. पैसे कोणी घेत नसे. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला ते एकदा नांदेडला आले होते, तर आमच्या कॉलनीच्या वॉचमननं त्यांचे पाय धरले. मला तो वॉचमन अकरा वर्षांत कधी उठून उभा राहिला नव्हता.

तर अशी ही मैना सतरा वर्षांची झाली, आणि पंचाईत सुरू झाली.

घोड्याचा जन्मदाखला त्याच्या तोंडात असतो. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक खाच दिसायला लागते. ती पंधराव्या वर्षी निम्म्या दातापर्यंत येते आणि विसाव्याला खालपर्यंत पोचते. दात लांबतात, पुढं कलतात. डोळ्यांच्या वर खळगे पडतात. पाठ जरा खोल जाते. मैनेच्या बाबतीत हे सगळं आम्हाला दिसत होतं. मामांना दिसत नव्हतं. दाखला या प्रकारावरच त्यांचा विश्वास नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे. आमच्याकडं ज्याची जन्मतारीख आईबापांना ठाऊक नसायची, तो शाळेत जाताच गुरुजींच्या कृपेनं 1 जूनला जन्मायचा. मामांच्या वर्गात बत्तीस पोरं त्याच दिवशी जन्मली होती.

"मामा, सतरा झाली तिला," मी एकदा म्हणालो.

"कोण म्हणालंय? करोनाचा काळ धरू नगा तुमी. यात्राच भरली न्हाई त्या वक्ताला. यात्रा न्हाई तर वय कुठून वाढंल?"

हा हिशेब मी नंतर स्वतःच्या वयाला लावून पाहिला आणि मला तो फार आवडला.

मी शिकलेला भाचा. शिकलेल्या माणसाला आपलं सांगणं पुरेसं वाटत नाही, त्याला जगाचे दाखले लागतात. मी मामांना दिल्लीच्या विराटची गोष्ट सांगितली. विराट हा राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलातला घोडा. प्रजासत्ताक दिनाची तेरा संचलनं त्यानं केली आणि 26 जानेवारी 2022 ला तो निवृत्त झाला. त्या दिवशी खुद्द राष्ट्रपतींनी आणि पंतप्रधानांनी त्याच्या मानेवर हात फिरवला.

मामांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, "बराबर हाय. मैनेच्या मानंवर कोण हात फिरवाया येणार हाय, तेवढं सांगा. मग बगू."

मग मी त्यांना परदेशात नेलं. इंग्लंडचा वलेग्रो नावाचा घोडा. आपली मैना हलगीवर नाचते, तसा हा साहेबी बाजावर ठेका धरून पावलं टाकायचा. त्यानं 2012 ला लंडनच्या ऑलिंपिकमधे सुवर्णपदक मिळवलं, 2016 ला रिओमधे पुन्हा मिळवलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, चौदाव्या वर्षी, काही दुखत-खुपत नसताना त्याला थांबवलं. अजून जिंकत होता तेव्हाच थांबवलं, यावर मी जोर दिला.

"जिताना थांबविलं?" मामांना हे पटेना. "मग कळलं कसं त्याला की थांबायचं हाय?"

"त्याला नाही कळलं. मालकांना कळलं."

मामा गप्प झाले. मला वाटलं, आपण मुद्दा जिंकला. म्हणून, जिंकताना थांबावं हे स्वतःच विसरून, मी आणखी एक घोडा काढला. रेड रम. इंग्लंडातली ग्रँड नॅशनल ही मोठी अवघड शर्यत त्यानं तीनदा जिंकली, 1973, 1974 आणि 1977 ला. 1978 ला पुन्हा पळणार, तर शर्यतीच्या तोंडावर पायाच्या हाडाला बारीक चीर सापडली. तेव्हा थांबवला. पुढं लोक त्याला दुकानांच्या उद्घाटनाला बोलवत. तीस वर्षं जगला, 1995 ला गेला, आणि जिथं जिंकायचा तिथंच, शर्यतीच्या शेवटच्या खांबापाशी, त्याला पुरलं.

"दुकानाच्या उद्घाटनाला घोडा?" मामा म्हणाले. "आपल्याकडं त्या कामाला आमदार असतेत."

संपलं. माझं सगळं वाचन त्या एका वाक्याखाली गेलं.

मामांचे व्याही उदगीरकडचे. त्यांच्याकडं देवणी जनावरं. देवणीत वानेरा, बालंक्या, शेवेरा असे रंगावरून प्रकार असतात, आणि ते कसे ओळखायचे हे त्यांनी मला आतापर्यंत सात वेळा सांगितलंय. मी सातही वेळा मान डोलावली आहे. त्यांच्या वानेरा वळूनं लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेतलं आणि दुसऱ्या वर्षी व्याह्यांनी त्याला दावणीवरनं सोडलाच नाही.

"एकदा पयला आला की बास. पुन्हा न्हेला अन् दुसरा आला, तर ज्यांच्या गायी भरविल्या ते बी म्हणतेत, आमाला दोन लंबरचा वळू दावला." व्याही व्यवहारी. "तुमी बी घोडीला शिंगरं घ्या आता. न्हाई तर हाळीच्या बाजारला दावा."

हाळी-हंडरगुळीचा बाजार म्हणजे जनावरांचा मोठा बाजार. तिथं चांगली किंमत आली असती. पण व्याह्यांनी 'बाजार' म्हटल्याबरोबर मामांनी हातातला चहा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. व्याही जेवून गेले, पण मुक्काम केला नाही. बाकी, सतराव्या वर्षी शिंगरू घ्यायचं, अकरा महिने ते पोटात वागवायचं, हेही त्या वयाच्या घोडीला काही विश्रांतीचं काम नव्हे. निवृत्त बाईनं आता नातवंडं सांभाळावीत असं म्हणण्यापैकीच ते.

खरं बोलली ती मामी. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता, आमच्याकडं न बघता.

"घोडीला काय लागतंय? येळंवर चंदी लागती, खरारा लागतो. टाळ्या तुमाला लागतेत."

मामा उठून गोठ्यात गेले.

मला हसू आलं, पण फार नाही. कारण आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात गेली बावीस वर्षं मी नकला करतो. सगळ्या नकला त्याच आहेत. ज्यांच्या करतो त्यातले बरेच दिवंगत झालेत आणि नवीन पोरांना ते कोण होते हे आधी समजावून सांगावं लागतं. दर वर्षी मी जाहीर करतो, "आता पुढल्या वर्षी नाही हं." दर वर्षी चार लोक म्हणतात, "असं कसं, तुम्ही हवेतच." गेल्या वर्षी तीन म्हणाले. त्यातला एक माझा मेहुणा.

शेवटी 2024 च्या डिसेंबरअखेरीला यात्रा भरली आणि मामा मैनेला घेऊन निघाले. 'ही शेवटची' असं ते म्हणाले नाहीत. मी मात्र शेवटची असेल म्हणून रजा टाकून गेलो.

घोडे तपासणाऱ्यांत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. त्यांनी मैनेचं तोंड उघडून दात पाहिले. मामा आकाशाकडं बघत राहिले. मग त्यांनी तिला दुडकी चालवायला सांगितली, आणि परत आल्यावर खाली बसून पुढच्या उजव्या गुडघ्यावरनं हात फिरवला. दुसऱ्या गुडघ्यावरनं फिरवला. पुन्हा पहिल्यावर ठेवला, आणि तो जरा वेळ तिथंच राहू दिला.

"आजोबा," त्या हळूच म्हणाल्या, "हा गरम लागतोय. सकाळी उठताना त्रास होतो का हिला?"

मामांनी "न्हाई" म्हटलं. मामा खोटं बोलले हे मला कळलं, त्या डॉक्टरीणबाईंनाही कळलं. त्यांनी मैनेच्या मानेवर हात फिरवला आणि इतकंच म्हणाल्या, "हिला कडक जागेवर आता नाचवू नका. माणसाचा पाय मोडला तर प्लॅस्टर घालून झोपवता येतं. हिला झोपवता येत नाही."

बक्षीस मिळालं नाही. तिसरंसुद्धा. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी मैनेच्या तोंडाला तोबरा लावला, अंगावर झूल टाकली, आणि आम्ही निघालो. खरंच निघालो होतो. पण रानाच्या कडेला हलगी वाजत होती, आणि मैनेचे कान आधी वळले.

"ए, मैनावाले मामा आले!" कोणीतरी ओरडलं. झालं. पाचपन्नास माणसांचं कडं पडलं. बाज आली. मामा "नगं, नगं" म्हणत होते, पण ते 'नगं' माझ्या 'पुढल्या वर्षी नाही हं'सारखंच होतं. आणि खोटं कशाला बोलू, मीही मोबाइल वर धरला होता. मीही ओरडलो, "होऊ द्या मामा, एकदाच."

मैना बाजेवर चढली. हलगीनं चाल बदलली. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीला तिचा पुढचा उजवा पाय दुमडला. ती गुडघ्यावर आली. मान खाली गेली. कपाळ जवळजवळ बाजेला टेकलं.

आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्यांना वाटलं, मैनेनं मुजरा केला. "वा! मुजरा!" अशी आरोळी उठली. एका पाटलांनी शंभराची नोट तिच्यावरून ओवाळून हलगीवाल्याला दिली. हलगीवाला चेकाळून आणखी जोरात वाजवायला लागला. मैना धडपडत उठली, आणि हलगी थांबली नव्हती म्हणून तीन पायांवर भार घेऊन पुन्हा नाचायला लागली.

मामा पुढं झाले आणि त्यांनी वाजत्या हलगीवर पालथा हात ठेवला.

हलगी अशी मधेच बंद झाली की जो सन्नाटा पडतो, तो मी त्याआधी फक्त माझ्या नकलांच्या वेळी अनुभवला होता. लोकांना वाटलं, म्हातारा पैशावरून रुसला. कोणी आणखी एक नोट काढली. मामांनी ती घेतली नाही. फेटा सोडला, तो मैनेच्या गुडघ्याला बांधला, आणि तिला हळूहळू बाजेवरनं खाली उतरवलं. पहिल्या बक्षिसाचा फेटा होता तो.

टेम्पोत मामा मैनेच्या पुढच्या पायाशी उकिडवे बसले होते. लोह्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाचेबुवा, तिला वाटलं असंल का हो, मी थांबा म्हणालो न्हाई म्हणून?"

मी उत्तर दिलं नाही. माझ्या खिशात मोबाइल होता, त्यात माझा स्वतःचा आवाज होता.

त्या मुजऱ्याची चित्रफीत पुढं बरीच फिरली. मला ती चौघांनी पाठवली, एकानं खाली 'याला म्हणतात संस्कार' असं लिहून. मामांना फोन आले. हैदराबादेहून एकानं तिला लग्नाच्या वरातीसाठी मागितली आणि जी रक्कम सांगितली ती ऐकून मामीसुद्धा क्षणभर भाकरी परतायची विसरली. मैनेला तेवढी मागणी सहा बक्षिसांनी कधी आली नव्हती. 'पुढल्या साली मुजरा पुन्हा दाखवा' असं तर ज्यानं त्यानं म्हटलं.

मामांनी तिची बाज फोडून बंबात घातली.

नांदेडला गुरुद्वाऱ्यात घोडे आहेत. ते गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले, अशी श्रद्धा. त्यांच्यावर कोणी बसत नाही. दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत ते सजून निघतात तेव्हा लोक हात जोडतात, आणि कोणी त्यांचे दात बघून गुण देत नाही. पुढं मामा एकदा दवाखान्याच्या कामाला आले तेव्हा मी त्यांना ते घोडे बघायला नेलं. मामा पुष्कळ वेळ बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "यांचं बरं हाय. पयल्यापासनं बक्षीसच न्हाई."

मामांची स्वतःची निवृत्ती मैनेपेक्षा अवघड गेली. 2025 च्या डिसेंबरात ते यात्रेला गेले ते मोकळ्या हातांनी. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. दोनदा तर चालताना मागं बघून "चल" म्हणाले. लोह्याच्या स्टँडवर चहा आला, पण या खेपेला पैसे घेतले. मामांनी ते मला तीनदा सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. हिशेबात एक नवा खर्च लागला, एवढंच.

मैना आता गोठ्यात, लिंबाखाली असते. पाय बरा आहे, म्हणजे बरा नाही, पण चालते. चंदी वेळेवर मिळते. मामा खरारा करतात. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो होतो, तर मामा भर दुपारी पायात वहाण नसताना वेशीकडं पळत निघालेले दिसले. मी घाबरून मागं पळालो. समोरून वरात येत होती. नवरदेव भाड्याच्या पांढऱ्या घोड्यावर, पुढं दहा-बारा पोरं, आणि त्यांच्या पुढं हलगी.

मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. हात जोडले. "बाबांनो, तेवढ्या लिंबापस्तोर वाजवू नगा. माझी घोडी हाय तिथं. ऐकलं की उठती."

वरबाप तापला. लग्नात मुकी वरात म्हणजे अपशकुन. मामांनी बंडीच्या खिशात हात घालून पाचशे एक रुपये काढले. हलगीवाल्यानं मामांकडं निरखून पाहिलं. माळेगावचा तोच होता की काय, मला सांगता येणार नाही. त्यानं पैसे घेतले नाहीत. हलगी काखेत मारली आणि पोरांना हातानं गप्प केलं.

मग ती सगळी वरात, नवरदेव, करवल्या, डोक्यावर रुखवत घेतलेल्या बायका, चोरासारखी, पाय न वाजवता लिंबाच्या झाडापासून गेली. नवरदेवाचा घोडा फुरफुरला तर नवरदेवच त्याला "श्श" म्हणाला. मैना तोबऱ्यात तोंड घालून हरभरे फोडत होती. तिनं मान वर केली, वरातीकडं पाहिलं, कान जरा हलवले, आणि पुन्हा तोंड आत घातलं.

मामा घाम पुसत लिंबाखाली येऊन बसले. लांब गेल्यावर हलगी पुन्हा सुरू झाली. मामांचा उजवा पाय धोतराखाली हलायला लागला होता. त्यांनी त्यावर हात ठेवला.